वॉशिंग्टनची काळी भिंत ते लुईव्हिलची कबर

लेकीकडे आम्ही दोघं यंदा तिसऱ्यांदा गेलो. ती वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहते. आधीच्या दोन खेपांना पाहुण्यांना दाखवायचं ते सगळं दाखवून झालं होतं. या खेपेला ईद होऊन पंधरा दिवस झाले होते, नातवाच्या शाळेला आठवड्याची सुट्टी लागली होती आणि घरात एक विषय निघाला होता, तो काही मिटत नव्हता.

नातू ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांचा होणार होता. तिथला कायदा असा, की मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर तीस दिवसांत सरकारकडे नाव नोंदवायचं. उद्या युद्ध पेटलं आणि तिथल्या संसदेने ठरवलं, तर फौजेत कोणाला बोलावता येईल याची ती यादी. मुलींना हे लागू नाही. आज सक्तीची भरती नाही, ती १९७३ साली थांबली. पण १९८० पासून नोंदणी चालू आहे आणि ती न करणं हा गुन्हा आहे.

"अम्मी, नुसता फॉर्म आहे तो," लेक म्हणायची. नुसता फॉर्म आहे तर मग तू रात्री उठून स्वयंपाकघरात का बसतेस, हे आम्ही तिला विचारलं नाही.

तोडगा नातवानेच काढला. शाळेत त्यांना व्हिएतनामचं युद्ध शिकवत होते. रात्री जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉपवर एक जुना तक्ता काढला. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काचेच्या मोठ्या बरणीतून निळ्या गोळ्या एकेक करून बाहेर काढल्या होत्या. गोळ्या ३६६, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेली पोरं आधी फौजेत. सगळा देश रेडिओ-टीव्हीपुढे बसून हे ऐकत होता. १४ सप्टेंबर पहिली निघाली, ८ जून सगळ्यात शेवटी. १९४४ ते १९५० या वर्षांत जन्मलेल्यांचं नशीब त्या एका बरणीत होतं. पुढे १९५ नंबरापर्यंतच्या मुलांना बोलावणं आलं.

"नाना, तुमची तारीख सांगा," नातू म्हणाला.

यांची तारीख म्हणजे १ जून १९५०. आता आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचा असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची वाटायची. तक्त्यात १ जूनचा नंबर निघाला २४९. म्हणजे हे वाचले असते. चिपळूणच्या मास्तरांनी हौसेने लावलेल्या तारखेमुळे माणूस अमेरिकेच्या लढाईतून वाचतो, यावर आम्ही खूप हसलो. मग नातवाने स्वतःची तारीख बघितली, १८ ऑक्टोबर. नंबर पाच. लेक उठली आणि भांडी घासायला लागली. घरात भांडी घासायचं मशीन असताना.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंत बघायला गेलो.

लिंकनच्या स्मारकाजवळ, हिरवळीत उतरत जाणारी वाट आहे. बाजूला काळ्या दगडाची भिंत, आधी घोट्याएवढी, मग कमरेएवढी, मग डोक्याच्या वर. दोन बाजूंनी येणाऱ्या दोन भिंती मध्ये एका कोनात मिळतात आणि पुन्हा उतरत जातात. तिच्यावर नावं आहेत, दुसरं काही म्हणण्यासारखं नाही. अठ्ठावन्न हजारांहून जास्त. हुद्दा नाही, गाव नाही, धर्म नाही. आडनावांच्या क्रमानेही लावलेली नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने आहेत. १९५९ सालचं पहिलं नाव मधल्या कोनाशी सुरू होतं, रांग उजवीकडे टोकापर्यंत जाते, मग डाव्या टोकाकडून परत येते आणि १९७५ ची शेवटची नावं पुन्हा त्याच कोनाशी पहिल्या नावांच्या शेजारी येऊन थांबतात. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी मेलेले सोबती म्हणून भिंतीवरही शेजारी आहेत. यांत आठ नावं बायकांची आहेत, नर्स म्हणून गेलेल्या.

हा आराखडा माया लिन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. स्पर्धेत १४२१ आराखडे आले होते, नावं झाकून निवड झाली आणि निघाली ही चिनी आईबापांची, ओहायोत जन्मलेली मुलगी. गदारोळ झाला. ना पुतळा, ना झेंडा, ही कसली आठवण, असं म्हणणारे पुष्कळ होते. शेवटी १९८२ साली भिंत उभी राहिली आणि तडजोड म्हणून दोन वर्षांनी बाजूला तीन सैनिकांचा पुतळा बसवला. आम्ही होतो तेवढ्या वेळात पुतळ्याजवळ फोटो निघत होते आणि भिंतीजवळ लोक गप्प होते.

भिंतीशी पिवळी टोपी घातलेले एक आजोबा होते, स्वयंसेवक. लोकांना नाव शोधून द्यायचं, कागद लावून त्यावर पेन्सिल घासून नाव उतरवून द्यायचं, हे त्यांचं काम. आम्ही इंडियातले म्हटल्यावर त्यांनी दगडावर हात ठेवला. "हा तुमच्याकडचाच," म्हणाले. खरंच, हा काळा ग्रॅनाइट बंगळूरकडचा. घासून असा गुळगुळीत केलाय की नावं वाचताना आपलाच चेहरा त्यांच्यामागे दिसतो. आमच्या पांढऱ्या केसांवरून कुणाकुणाची नावं गेली.

आजोबा स्वतः १९७० मध्ये गेलेले. त्यांनी आम्हाला त्यांच्या शाळासोबत्याचं नाव दाखवलं. परत आल्यावर विमानतळावरच त्यांनी गणवेश बदलला, कारण कुणी काही बोलेल याची भीती. पुढे वीस वर्षं नोकरीच्या ठिकाणी कुणाला सांगितलं नाही की आपण तिकडे होतो. रात्री झोप लागायची नाही, बायको सोडून गेली. आघातानंतर मनाला जडणाऱ्या या दुखण्याला डॉक्टरांच्या पुस्तकात नाव मिळालं तेच १९८० साली, आणि ते मिळावं म्हणून याच लोकांना झगडावं लागलं. जंगलांवर फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी औषधाचंही तसंच. त्याने झालेल्या दुखण्यांची जबाबदारी घेणारा कायदा १९९१ चा.

भिंतीच्या पायाशी लोक वस्तू ठेवून जातात. चिठ्ठ्या, बूट, पदकं. पार्कचे कर्मचारी त्या जपून ठेवतात. एका प्लास्टिकच्या पिशवीत वाढदिवसाचं कार्ड होतं. वाचायचं नाही असं ठरवून आम्ही पुढे झालो. तिथे काय पढावं ते सुचेना. मग आयांसाठी सब्राची दुआ केली. व्हिएतनाममध्ये याच्या कितीतरी पट माणसं मेली, त्यांच्यासाठीही केली. त्यांची नावं कुठल्या भिंतीवर लिहायची म्हटलं तर ही भिंत वॉशिंग्टनभर फिरवावी लागेल.

जेवायला फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरमध्ये गेलो. हा व्हिएतनामी बाजार. १९७५ मध्ये सायगाव पडलं तेव्हा सव्वा लाखाहून जास्त लोक त्या एका वर्षात अमेरिकेत आले. बाजारात अजून त्यांच्या बुडालेल्या देशाचा पिवळा, तीन लाल पट्ट्यांचा झेंडा फडकतो. हलालची खात्री नसल्याने आम्ही घट्ट दुधाची थंड कॉफी आणि फळं घेतली. कॉफी झकास होती. लेक जिथे नखं करायला जाते ते दुकानही व्हिएतनामी बाईचं. नावडत्या लढाईने अमेरिकेला काय दिलं याची यादी केली तर त्यात हेही येतं.

मग लांबचा प्रवास. जावयांनी गाडी काढली आणि आम्ही पाचजण ओहायोकडे निघालो. वाटेत नातू इतिहासाची उजळणी करत होता. जॉन्सन साहेबांनी गरिबी हटवायचे, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचे मोठे कार्यक्रम काढले होते. पैसा युद्धातही ओतायचा होता, महागाई वाढली, जादा कराचा प्रस्ताव आला आणि ३१ मार्च १९६८ ला त्यांनी टीव्हीवर येऊन आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. मरायला अठरा वर्षं पुरतात तर मत द्यायला एकवीस कशाला, हा सवाल इतका चढत गेला की १९७१ मध्ये घटना बदलून मताचं वय अठरा केलं. यांनी लगेच हिशेब केला. आपल्याकडे ते व्हायला १९८९ उजाडलं.

केंट हे गाव लहान, विद्यापीठ मोठं. अक्रनजवळच्या मशिदीत जोहर पढून आम्ही तिथे पोहोचलो. टेकडीच्या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुलं होती, थोडी कोमेजायला लागलेली. त्यांचे कंद ५८,१७५ लावलेले, लावले तेव्हा भिंतीवर जितकी नावं होती तितके. टेकडीपलीकडे गाड्या लावायची जागा आहे. विद्यार्थी येतात, गाडी लावतात, पाठीला पिशवी अडकवून तासाला जातात. त्याच जागेत चार ठिकाणी छोटे खांब उभे करून दिवे लावलेत, म्हणजे तिथे कुणी गाडी लावू नये. ४ मे १९७० ला त्या चार ठिकाणी चार मुलं पडली.

युद्ध कंबोडियात पसरल्याचं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ३० एप्रिलला सांगितलं होतं. विद्यापीठात निदर्शनं पेटली, फौजी अधिकारी घडवणाऱ्या शिक्षणक्रमाची इमारत जळाली, राज्याचे नॅशनल गार्ड आले. सोमवारी दुपारी गार्डनी टेकडीवरून तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार मेले, नऊ जखमी झाले, त्यातला एक कायमचा व्हीलचेअरवर गेला. मेलेल्यांत जो सगळ्यात जवळ होता तोसुद्धा गार्डपासून ऐंशी मीटर लांब होता. दोघं निदर्शनात नव्हतेच. सॅन्ड्रा शूअर पुढच्या तासाला चालली होती. विल्यम श्रोडर तर स्वतः फौजी अधिकारी व्हायचं शिक्षण घेत होता. आणि गोळ्या झाडणारे गार्डही काही म्हातारे नव्हते. गार्डमध्ये गेलं तर बहुधा व्हिएतनाम चुकतं, म्हणून त्या काळी कितीतरी पोरं तिथे भरती व्हायची.

जवळच लोखंडी पत्र्यांचं एक शिल्प आहे. त्याला आरपार भोक. नातवाने त्यात बोट घातलं. लेक म्हणाली, "काढ हात." इतक्या जोरात, की दोन मुली वळून बघायला लागल्या.

त्या आठवड्यात देशभरची शेकडो कॉलेजं बंद पडली. न्यूयॉर्कमध्ये बांधकाम कामगारांनी निदर्शक मुलांना बडवलं. अकरा दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांनी दोन काळ्या तरुणांना मारलं, ते फारसं कुणाला आठवत नाही. केंटमध्ये कुणालाच शिक्षा झाली नाही. १९७९ मध्ये राज्याने कुटुंबांना आणि जखमींना मिळून पावणेसात लाख डॉलर दिले आणि खेद व्यक्त केला. पोरं गेल्यावर कितीतरी लोक म्हणत होते, पोरांचीच चूक. आयाबापांना तशी पत्रंही आली.

केंटहून दक्षिणेला लुईव्हिल, दिवसभराचा रस्ता. तिथे जायचा हट्ट यांचा. आमच्या लग्नानंतर घरात पहिला रेडिओ आला तेव्हापासून मुहम्मद अली हे यांचं वेड. ग्रँड अव्हेन्यूवर त्यांचं लहानपणीचं गुलाबी घर आहे, इतकं छोटं की आपल्या चाळीतली खोली आठवावी. १९६४ मध्ये फौजेच्या लेखी परीक्षेत अली नापास झाले होते. माणसं कमी पडायला लागली तशी सरकारने पास होण्याची पातळी खाली आणली आणि १९६६ मध्ये तेच अली भरतीला लायक ठरले. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत, शिकायला पैसे नाहीत तो लढाईवर, असा तेव्हाचा रिवाज. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्यांचं नाव पुकारलं, तेही जुनं नाव, आणि ते जागचे हलले नाहीत. आपला दीन या युद्धाला परवानगी देत नाही, एवढं त्यांचं म्हणणं. किताब गेला, खेळायचा परवाना गेला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड सुनावला गेला. अपील चालू असल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, पण खेळाडूच्या उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. पोटासाठी कॉलेजांत भाषणं देत हिंडले. २८ जून १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. तेव्हा ते नेशन ऑफ इस्लाम या गटात होते, १९७५ नंतर सगळ्या मुसलमानांबरोबरच्या सरळ वाटेला आले.

ज्या देशात त्यांना भित्रा म्हणत होते, तिथेच जून २०१६ मध्ये त्यांच्या जनाज्याला हजारो लोक जमले आणि कितीतरी गोऱ्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा जनाज्याची नमाज पाहिली. केव्ह हिलच्या कब्रस्तानात आम्ही फातिहा पढलो. नातू शेजारी उभा होता. बाहेर पडताना त्याने विचारलं, "नाना, पिवळ्या टोपीवाले आजोबा गेले, अली गेले नाहीत. मग बरोबर कोण?"

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजोबांना कुणी विचारलंच नव्हतं रे. अलींनी विचारायला लावलं." हे उत्तर आम्हाला पुरं वाटलं नाही आणि नातवालाही वाटलं नसावं. परतीच्या वाटेवर लेकीने पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितलं, की नोंदणी करायची, पण अडचणीची वेळ आली तर दीनच्या आधारे नकार मागता येतो, त्यासाठी काय कागद लागतात ते तिने कधीच शोधून ठेवलंय. जावयांना हे माहीत नव्हतं. गाडीत अर्धा तास कुणी रेडिओ लावला नाही.

आम्ही जूनमध्ये परतलो. अठरा ऑक्टोबरला संध्याकाळी नातवाचा फोन आला. "नानी, भरला फॉर्म. दोन मिनिटं लागली." मागून लेकीचा आवाज येत होता, केक कापायला ये म्हणून. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे पाऊस गेला का.

आम्ही म्हटलं, अजून नाही.