अहवाल कोणाकडे जातो?

कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पैसे भरून समुपदेशनाची सेवा घेतात, त्या कामात मी पुण्यात समुपदेशक आहे. हिंजवडीतली आयटीची मंडळी, चाकणच्या कारखान्यांतले कामगार, सगळ्यांचे फोन येतात. आमच्या सेवेत चॅटबॉट आल्यापासून बरेच जण आधी त्याच्याशी बोलतात, मग आमच्याकडे वळतात.

त्याचा उपयोग मी जवळून पाहिला आहे. सेकंड शिफ्ट सुटून घरी जावं तर सगळे झोपलेले. त्या वेळी कोणाशी बोलणार? एका सुपरवायझरने बायकोपासून लपवलेलं कर्ज पहिल्यांदा बॉटला सांगितलं. नंतर मला म्हणाला, “मॅडम, त्याला सांगताना मान खाली जात नाही.”

1966 साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संवाद करणारा प्रोग्रॅम मांडला. तो घडताना त्यांच्या सेक्रेटरीने पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलणं होताच तिने वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. यंत्र चालत होतं, साहेब नको होते. आमच्या सुपरवायझरचंही तेच.

म्हणून एका कंपनीच्या एचआरने बॉटवरच्या बोलण्याचा विभागवार अहवाल मागितला तेव्हा मी अडून बसले. नावं नकोत, फक्त विभाग आणि विषय, असं त्यांचं म्हणणं. पण विभागात माणसं सहा, त्यातल्या एकीची घटस्फोटाची केस चालू असल्याचं सगळ्यांना ठाऊक. ‘कौटुंबिक ताण’ या रकान्यात एक आकडा दिसला की नाव कशाला लागतं? एचआरच्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. खर्चाचं काय झालं, हे त्यांना वरून विचारलं जात होतं. तरीही ही माहिती बढतीच्या चर्चेपर्यंत पोचायला एका ईमेलचाच अवकाश असतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं. पण कर्जापायी झोप उडालेल्या माणसाला आजारी तरी कसं म्हणायचं? त्याची झाकली मूठ आमच्या करारातल्या अटींवर बरीच अवलंबून असते.

बरीच ओढाताण झाली. अखेर लहान विभाग एकत्र करूनच आकडे द्यायचे, विषयांची फोड द्यायची नाही, असं ठरलं. कोणी जीव देण्याचं बोललं तर बॉटने स्वतः समजूत घालत बसायचं नाही. लगेच आमच्यापैकी कोणाला तरी जोडून द्यायचं आणि टेली-मानस या हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही दाखवायचा. ही अट मी चर्चेलाच ठेवली नाही.

एक मागणी अजून अडली आहे. बॉट उघडताच संमतीचं लांबलचक इंग्रजी कलम येतं आणि चाकणचा माणूस न वाचता ‘ओके’ दाबतो. तिथे कंपनीला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, एवढं साध्या मराठीत हवं. मजकूर मी लिहून दिला आहे. कराराच्या नूतनीकरणाच्या बैठकीत तो पुन्हा पुढे ठेवणार आहे.