माळावरची सापसुरळी

बारामती म्हटली की ऊस आणि साखरकारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. नीरेच्या डाव्या कालव्याने 1885 च्या सुमारास पाणी आणले आणि मुलूख पालटला. पण कालव्याची हिरवाई मागे टाकून सुप्याकडे वळावे, नाहीतर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला जावे. तिथे जुना माळ अजून भेटतो. मुरूम, कुसळी, मारवेल, मधूनच एखादी बाभळ. सातबाऱ्यावर अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात; शब्द मोठा अन्यायाचा आहे.

श्रावणात प्राणिशास्त्राचे एक सहकारी मला तिथे घेऊन गेले. मला लांडगा पाहायचा होता. त्यांनी मात्र वाकून एक धोंडा उलथला! खाली बोटभर जीव: अंगावर फिकट पट्टे, तकतकीत खवले, शेपूट लालभडक. पाय इतके आखूड की असून नसल्यासारखे.

“मास्तर, हात नका लावू,” मेंढरे वळणारा म्हातारा धनगर ओरडला. “सापापरास जहरी असतंय ते!”

मी खरोखरच मागे सरलो. लहानपणी आमच्या परसात आईने अशीच एक केरसुणीने मारली होती आणि तुटलेली शेपटी कितीतरी वेळ वळवळत होती. तेव्हापासूनची भीती ती.

“विष मुळीच नाही, बाबा,” सहकारी म्हणाले. “ठिपक्यांच्या सापसुरळीचं पिल्लू आहे. वाळवी नि किडे खातं. शत्रूनं धरलं तर शेपूट सोडून पळतं. ती पुन्हा फुटते.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आपल्या पुण्याच्या नावाचीही एक सापसुरळी आहे. शर्मांनी 1970 साली ‘पूनाएन्सिस’ असं तिचं नामकरण केलं.” इतकी वर्षे पुण्यात काढून मला याचा पत्ता नव्हता!

सुप्याला 1997 पासून चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. हरणाला पाहुणे येतात, धोंड्याखालच्या जिवाला कोण येणार? माळ ओसाड म्हणून पुण्यबुद्धीने तिथे खड्डे खणायचे, दगड वेचायचे, झाडे लावायची. मीही विद्यार्थ्यांना घेऊन असे श्रमदान केले आहे. झाडांच्या सावलीत हे गवत टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

सहकाऱ्यांनी पिल्लाला बाजूला सरकू दिले आणि धोंडा जसाच्या तसा ठेवला. म्हातारा बराच वेळ पाहत उभा होता. मग “हर्रर्र” करून त्याने मेंढरे थोडी लांबून वळवली.