टीम हरली तर चालतं, टीमच गेली तर काय करायचं?

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की एक टोमणा ठरलेला असतो. "तुम्ही लोक रात्री दीड-दोनपर्यंत जागून मँचेस्टर आणि बार्सिलोना बघता. आपल्या गावच्या टीमची मॅच बघायला कधी गेलात का?"

मी जायचो. एकदा-दोनदा नाही, दहा वर्षं जायचो. त्यामुळे या टोमण्याला उत्तर द्यायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये आय-लीगमध्ये आली. पहिल्याच हंगामात तिसरा नंबर. ईस्ट बंगाल, मोहन बागान, डेम्पो, चर्चिल ही नावं तोवर आम्ही पेपरच्या शेवटच्या पानावर वाचलेली. ती मंडळी आता बालेवाडीला येऊन खेळत होती आणि कधी कधी हरून परत जात होती! कोथरूडहून बालेवाडी म्हणजे तेव्हा गावाला गेल्यासारखंच. मॅच ऑफिसच्या दिवशी असली की बॉसला काहीतरी कारण सांगायचं, बाइकला किक मारायची आणि सुटायचं. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आम्ही मोजकीच डोकी. एकमेकांची नावं माहीत नसायची, पण चेहरे पाठ झालेले. एखादा दोन मॅच दिसला नाही तर "तो चष्मेवाला आला नाही का आज?" अशी चौकशी व्हायची.

ज्यांनी कधी टीम 'लावून' धरलेली नाही, त्यांना हे सांगणं अवघड आहे. नव्वद मिनिटांत माणूस पाच वेळा म्हातारा होतो आणि दोन वेळा लहान. मी कायम त्याच ओळीत बसायचो. ऐंशीव्या मिनिटानंतर चहा घ्यायचा नाही, हा नियम. एकदा घेतला होता आणि त्याच वेळी गोल खाल्ला होता, आता विषाची परीक्षा कोण घेणार? शिकलेला, नोकरी करणारा, घराचे हप्ते भरणारा माणूस मी. पण एक-शून्यने पुढे असताना शेवटच्या पाच मिनिटांत मी ज्या ज्या देवांना हाक मारली आहे, त्यातले निम्मे आमच्या घराण्याचे नव्हतेच.

अराता इझुमी आठवतो का कुणाला? जपानमध्ये जन्मलेला, वडील भारतीय. पुणे एफसीच्या मिडफील्डमध्ये खेळायचा. या गड्याने जपानी नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि २०१३ मध्ये भारताच्या टीममधून खेळला. त्या दिवशी आम्हाला जो आनंद झाला तो घरातलं पोर कलेक्टर झाल्याचा होता. त्याच २०१२-१३ च्या हंगामात पुणे एफसी लीगमध्ये दुसरी आली. विजेतेपद चर्चिलने नेलं. वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणंसुद्धा गोड होतं. कारण सोबत एक वाक्य होतं: "पुढच्या वर्षी बघू."

माझं सगळं म्हणणं या तीन शब्दांत आहे. फुटबॉलचा चाहता जिंकण्यावर जगत नाही. जिंकणं वर्षाकाठी एका टीमच्या वाट्याला येतं, बाकीचे सगळे हरतातच. चाहता जगतो तो "पुढच्या वर्षी बघू" यावर. आणि आमच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं गेलं.

हिशोब मांडतो. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी पुण्यात भारत एफसी नावाची दुसरी टीमही आय-लीगमध्ये खेळत होती. एकच हंगाम खेळली आणि गेली. तिचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. ती त्या वर्षी तळाला होती. पण तिला लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता आणि अशा टीमला सुरुवातीला खाली ढकलायचं नाही असा नियम होता. म्हणून खाली कोण गेलं? तिच्या वरच्या नंबरवर असलेली गोव्याची डेम्पो. पाच वेळची देशविजेती टीम! डेम्पोला खालच्या डिव्हिजनमध्ये पाठवलं आणि जिच्यासाठी जागा राखली, तिने दुकानच बंद केलं. म्हापशापासून मडगावपर्यंतच्या माणसाने यावर हसायचं की रडायचं?

मग डीएसके शिवाजियन्स. मुळात शिवाजियन्स हा पुण्यातला जुना क्लब, त्याला मोठा आधार मिळाला आणि तो आय-लीगपर्यंत पोचला. दोन हंगाम खेळला, २०१७ मध्ये संपला. आणि एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधली आपली टीम. २०१४ मध्ये आली, २०१९ मध्ये गेली.

२०१५ ते २०१९. चार वर्षांत चार क्लब. एका शहराने एवढी तेरावी घातली नसतील.

पुणे सिटीचं सगळ्यात जास्त लागलं. कारण तोवर लेक मोठी झाली होती आणि तिलाही मी हे व्यसन लावलं होतं. नारिंगी जर्सी, गालावर नारिंगी पट्टे. २०१७-१८ चा हंगाम काय सांगू तुम्हाला! पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो, कोवळा आशिक कुरुनियान पंखावरून सुसाट. पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. समोर बंगळुरू. बालेवाडीतली पहिली मॅच शून्य-शून्य. ११ मार्चला बंगळुरूत दुसरी. आम्ही घरी टीव्हीसमोर. छेत्रीने सुरुवातीलाच एक मारला, मग पेनल्टीवर दुसरा. घरात सुतक. आणि मग योनातन लुक्काची ती फ्री किक! दोन-एक. आणखी एक गोल की बरोबरी. लेक सोफ्यावर उभी, मी जमिनीवर, बायको कुकर बंद करून दारात. पुढची काही मिनिटं आमच्या घरात कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. शेवटाला छेत्रीने तिसरा मारला आणि संपलं. लेक रडत रडत झोपली. मी तिला काय सांगितलं असेल? तेच, "पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष आलं, ते कसंबसं गेलं. त्याच्या पुढचं वर्ष आलंच नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात कुजबुज सुरू झाली, पैशांची अडचण आहे म्हणून. ऑगस्टमध्ये बातमी आली की पुण्याची जागा आता हैदराबादची नवी टीम घेणार. मॅच संपली की निदान शिट्टी वाजते. क्लब संपतो तेव्हा ती वाजत नाही. निरोपाची मॅच नाही, मैदानाला एक फेरी नाही. एक दिवस बातमी येते आणि तुमची जर्सी पायपुसणं होते. लेकीने विचारलं, "म्हणजे आपण आता हैदराबादचे का?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

मार्च २०२२ मध्ये फातोर्ड्याला हैदराबादने पेनल्टीवर केरळला हरवून आयएसएल जिंकली. आपला निखिल पुजारीही त्या टीममध्ये, पुण्याहूनच तिकडे गेलेला. आनंद झाला का? झाला. पण शेजारच्यांच्या घरी जेवताना आपल्या घरातलं ताट ओळखीचं वाटावं, तसा. आणि ऐका, २०२५ मध्ये ती जागा हैदराबादहूनही उठली आणि दिल्लीला गेली. म्हणजे तिथल्या पोरांचंही तेच झालं जे आमचं झालं. त्यांच्याकडे निदान एक कप तरी आहे आठवणीला.

मुंबईकरांनी हसू नये. महिंद्रा युनायटेड आठवून बघा. २००५-०६ ची देशविजेती टीम, कूपरेजची शान, २०१० मध्ये बंद. मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली घसरली आणि मग बंदच झाली. २०२५ मध्ये भारताचा प्रशिक्षक झालेला खालिद जमील घ्या. तो महिंद्रा युनायटेडकडून खेळला आणि मुंबई एफसीला त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. दोन्ही क्लब आज नाहीत. माणूस देशाच्या बाकावर पोचला, पण ज्या अंगणात तो वाढला तिथे आता कुणी झाडूही मारत नाही. मुंबई सिटी आहे, तिने कप जिंकले, चांगलंच आहे. पण २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, लीग चालवण्याचा करार संपत आला आणि पुढे कोण चालवणार याचा पत्ता नाही, तेव्हा मुंबईच्या चाहत्यांनाही कळलं असेल की पायाखालची जमीन आपल्या मालकीची नाही.

आता मालकांना शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. भारतात फुटबॉल क्लब चालवणं म्हणजे दरवर्षी कोटींचा तोटा आणि परतीची खात्री नाही. ज्यांनी चार-पाच वर्षं का होईना पैसे घातले, त्यांच्यामुळेच आम्ही ते दिवस पाहिले. प्रश्न माणसांच्या नियतीचा नाही, रचनेचा आहे. आपल्याकडे क्लब म्हणजे कंपनीच्या कागदावरची एक नोंद. ती नोंद खोडली की क्लब संपला. चाहता त्या कागदावर कुठेच नाही.

याच महाराष्ट्रात दुसरी रचनाही आहे. कोल्हापूरला जा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. या तालमींच्या टीमा पेठांच्या आहेत. शाहू स्टेडियमवर मोठ्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते. हरल्यावर पेठेत चूल पेटत नाही म्हणतात. तिथे सगळं गोड आहे असं नाही. हुल्लडबाजी होते, दगड चालतात, पोलिसांच्या काठ्या निघतात. चांगल्या पोराला पुढे जायचं तर गाव सोडावं लागतं. पण पाटाकडील तालमीची टीम उद्या उठून दुसऱ्या शहरात गेली, ही बातमी कोल्हापुरात कुणी कधी वाचणार नाही. कारण ती विकायला कुणा एकाची नाहीच.

बाहेरही हा झगडा झाला आहे. लंडनचा विम्बल्डन क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी २००२ मध्ये मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला. अगदी तळापासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत व्यावसायिक लीगमध्ये पोचले. जर्मनीत तर नियमच आहे, काही अपवाद सोडले तर क्लबच्या मतदानाचा निम्म्याहून जास्त हक्क सभासदांकडेच राहिला पाहिजे. मालक पैसे घालू शकतो, पण क्लब खिशात घालून पळू शकत नाही.

आपल्याकडे एकदम तेवढं होणार नाही, मला कळतं. पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं गेलं, सरकारी पैशांतून. म्हणजे तुमच्या-माझ्या पैशांतून. उद्या पुण्याच्या नावाने नवा क्लब उभा राहिला तर त्याला मैदान लागणार आणि ते मैदान सरकारकडेच मागावं लागणार. भाड्याचा करार करताना तीनच अटी घाला. एक, बंद करायचं किंवा शहर सोडायचं असेल तर एका पूर्ण हंगामाची आगाऊ जाहीर सूचना. दोन, क्लबचं नाव, रंग आणि चिन्ह शहराकडे राहील, मालकाबरोबर जाणार नाही. तीन, अकादमीतल्या पोरांचं शिक्षण आणि राहणं पूर्ण होईल एवढी रक्कम आधीच बाजूला ठेवायची. पैसेवाल्याला जाचक वाटावं असं यात काही नाही. लग्नाच्या हॉलवालासुद्धा अनामत घेतो.

आणि त्या टोमण्याबद्दल. पोरं मँचेस्टर बघतात ते आपल्यावर प्रेम नाही म्हणून नाही. मँचेस्टर पाच वर्षं हरलं तरी सहाव्या वर्षी तिथेच असतं, म्हणून. एखादं पोर विश्वासाने कुणाचा तरी हात धरतं, तर निदान तो हात पुढच्या मोसमात जागेवर असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. आपण त्याला निष्ठा शिकवतो आणि निष्ठा ठेवायला जागाच देत नाही.

पुण्यात नवी टीम आली तर मी जाईन का? जाईन, सवय वाईट आहे. त्याच ओळीत बसेन, ऐंशीनंतर चहा घेणार नाही. फक्त या वेळी तिकिटाचे पैसे काढण्याआधी खिडकीवरच विचारेन, "किती वर्षं राहणार आहात?"