मेकाँगच्या काठाने, आपल्याच चालीने

निवृत्तीनंतरच्या परदेश प्रवासाचे एकच चित्र आपल्याकडे रूढ झाले आहे. पहाटे चारला उठवणारी, सहा दिवसांत तीन देश दाखवणारी आणि दर रात्री नव्या हॉटेलात नेऊन टाकणारी सहल. ती झेपणार नाही असे वाटले की पारपत्र कपाटात ठेवले जाते. परंतु प्रवासाची दुसरी रीत आपल्याला अपरिचित नाही. पंढरीची वारी असो वा नर्मदेची परिक्रमा, थोडे चालायचे, मुक्काम करायचा, पाय आणि पोट यांची विचारपूस करायची आणि मग पुढे निघायचे, हीच आपल्या पूर्वजांची चाल होती. थायलंड, लाओस आणि कंबोडिया हे आपल्या पूर्वेकडील उष्ण प्रदेशातील देश याच चालीने, दीड-दोन महिन्यांत, जमिनीवरून आणि पाण्यावरून पाहता येतात. खर्चही बेताचा राहतो.

पाठीवर पिशवी टाकून हिंडणारी तरुण मुले या मार्गावर पुष्कळ भेटतात. त्यांची काटकसर शरीराच्या जिवावर चालते. खोलीचे भाडे वाचावे म्हणून रात्रीची बस, स्वस्त पडते म्हणून वरची बर्थ, एखाद्या जेवणाला फाटा. साठीनंतर ही काटकसर महागात पडते. आपण काटकसर करावी ती अंतरात आणि मुक्कामांच्या संख्येत. एका गावी आठवडाभर राहिल्यास भाडे कमी करून मिळते, वाहनाचा खर्च घटतो, आणि त्याच अवधीत शरीर नव्या हवेला सरावते. संथपणा खिशालाही मानवतो आणि हृदयालाही, हे या प्रवासाचे मुख्य सूत्र आपण ध्यानात ठेवावे.

केव्हा निघावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते, आणि उत्तरेकडे सकाळी स्वेटर लागतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंड व लाओसमध्ये शेते आणि जंगले जाळल्याचा धूर दाटून राहतो. आपल्याला दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल तर हे महिने निक्षून टाळावेत. एप्रिलमध्ये उन्हाळा कडक असतो, आणि 13 ते 15 एप्रिलच्या नववर्षाच्या सणात बस व गाड्या खचाखच भरतात.

निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे आपल्या डॉक्टरांना भेटावे. नित्याच्या औषधांबरोबरच लसींविषयी विचारावे. औषधांची चिठ्ठी मूळ घटकांच्या नावांनिशी लिहून घ्यावी, कारण तिकडे व्यापारी नावे वेगळी असतात. झोपेच्या, चिंताशामक आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर थायलंडमध्ये कडक नियंत्रण आहे. त्या डॉक्टरांच्या पत्राविना नेऊ नयेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिन्ही देशांचे नियम निघण्याच्या महिन्यात पुन्हा पाहावेत.

बँकॉकहून उत्तरेस

बँकॉकमध्ये तीन-चार दिवस पुरेत. तेथून चियांग माय हे शहर रेल्वेने 751 किलोमीटर. रात्रीच्या शयनयानात खालच्या बर्थचे तिकीट थोडे महाग असते, पण ती रुंद असते आणि रात्री उठताना शिडी उतरावी लागत नाही. हा जास्तीचा खर्च अवश्य करावा.

चियांग मायमध्ये आठ-दहा दिवस राहावे. जुने शहर खंदकाने वेढलेले, चौरस आणि सपाट आहे. सकाळी खंदकाकाठी फिरावे, एखाद्या बौद्ध विहाराच्या ओसरीवर टेकावे, बाजारातून पपई आणि केळी आणावीत. खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली आणि खिडक्यांना जाळी असलेली घ्यावी. कपडे किलोवर धुऊन मिळतात, त्यामुळे चार जोड पुरतात आणि सामान सात-आठ किलोंच्या आत राहते. पुढे होडीच्या फळीवरून चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, याची आठवण सामान भरतानाच ठेवावी.

शाकाहारी वाचकांनी एक शब्द पाठ करावा: 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की तेथे मांस, मासे, अंडी काही नसते. इतकेच नव्हे, कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे अन्न ओळखीचे वाटेल. इतरत्र मात्र भाजीतही माशाचा खारट रस पडतो. त्यात मीठ फार असते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी तो आणि सोया सॉस कमी घालण्यास सांगावे. लाओसमध्ये बांबूच्या टोपलीतून येणारा चिकट भात चवीला गोड, पण रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारा आहे. मधुमेह असेल तर मूठभरच घ्यावा, सोबत भाजी आणि डाळ किंवा टोफू असावा.

दोन दिवस नदीवर

चियांग मायहून चियांग राय आणि तेथून सीमेवरचे चियांग खोंग, असे दोन टप्पे बसने करावेत. येथे मेकाँग प्रथम दिसते. पलीकडे लाओसचे हुआय साय. 2013 मध्ये झालेल्या मैत्री पुलावरून आपण त्या देशात पाऊल ठेवतो.

हुआय सायहून लांबट लाकडी होडी दोन दिवसांत लुआंग प्रबांगला नेते. रात्रीचा मुक्काम पाकबेंग या काठावरच्या गावी. दोन्ही काठांवर डोंगर, वाळूच्या पट्ट्यावर भुईमुगाचे वाफे, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. इंजिनाचा आवाज मागे फार असतो, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा घ्यावी. दर तासाला उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. दीर्घकाळ बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. स्वच्छतागृहाची चिंता वाटून पुष्कळजण पाणी पिणे टाळतात. तसे करू नये. होडीवर स्वच्छतागृह असते, आणि वयपरत्वे तहानेची जाणीवच मंदावत असल्याने घड्याळ पाहून पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे.

लुआंग प्रबांग ही लाओसची जुनी राजनगरी, 1995 पासून जागतिक वारशाच्या यादीत. येथेही आठवडाभर विसावावे. पहाटे भगव्या वस्त्रांतील भिक्खू भिक्षेसाठी ओळीने निघतात. दूर उभे राहून, शांतपणे पाहावे. फूसी टेकडीच्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढल्याच पाहिजेत असे नाही. सूर्यास्त नदीकाठच्या बाकावरूनही तितकाच सुंदर दिसतो, आणि गुडघे दुसऱ्या दिवशी आपले आभार मानतात.

व्हिएन्तियान आणि दक्षिण

येथून राजधानी व्हिएन्तियानला जाणारा डोंगरी रस्ता पूर्वी सबंध दिवस घेत असे. डिसेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने हे अंतर सुमारे दोन तासांवर आणले. व्हिएन्तियानमध्ये वनौषधींच्या वाफेचे स्नान प्रसिद्ध आहे. निरोगी माणसास ते सुखद वाटते. परंतु हृदयविकार, कमी रक्तदाब किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्या वाफेत बसू नये.

दक्षिणेकडे पाक्सेला जाणाऱ्या रात्रीच्या बस मिळतात. आपण दिवसाच्या बसने जावे आणि वाटेत थाखेकला दोन रात्री थांबावे. लाओसमध्ये युद्धकाळातील न फुटलेले बॉम्ब आजही जमिनीत आहेत. निसर्गविधीसाठी सुद्धा रुळलेली वाट सोडू नये.

पाक्सेच्या पुढे चंपासाक आणि तेथील वात फू हे प्राचीन शिवालय. ज्या डोंगराच्या पायथ्याशी ते आहे, त्याच्या माथ्याचा आकार लिंगासारखा असल्याने तो लिंगपर्वत म्हणून पूजला जात असे. वर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना चाफा. हा चाफा लाओसचे राष्ट्रीय फूल असून त्याला तिकडे 'डोक चंपा' म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याला परके वाटणार नाही. जमेल तेवढेच चढावे, काठी जवळ असू द्यावी. खालची जलाशये आणि दोन मोठ्या वास्तू सपाटीवरच आहेत.

अंगकोर

2025 मधील संघर्षानंतर थायलंड आणि कंबोडिया यांच्यामधील जमिनीवरची नाकी बंद झाली. म्हणून या आखणीत आपण लाओसमधून कंबोडियात उतरतो, स्टुंग त्रेंगला एक रात्र काढतो आणि सिएम रीपला पोहोचतो.

अंगकोरचे एका दिवसाचे तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचे 62 आणि सात दिवसांचे 72. सात दिवस सलग वापरावे लागत नाहीत, महिनाभरात कोणतेही सात निवडता येतात. संथ प्रवाशासाठीच जणू ही सोय केली आहे. एक दिवस पाहावे, एक दिवस विसावावे. सकाळी साडेदहापर्यंत खोलीवर परतावे. बाराव्या शतकातील अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या गाभाऱ्याकडील जिना फार खडा आहे, परंतु खालच्या सज्जांतील भिंतींवर कुरुक्षेत्राचे युद्ध, लंकेचा संग्राम आणि समुद्रमंथन कोरलेले आहे. शरपंजरी भीष्म आपल्याला कोणी दाखवावा लागत नाही. हे सारे सावलीत, जवळजवळ सपाटीवरून चालत पाहता येते.

सोबतच्या माणसांसाठी

सोबत जाणाऱ्याने आणि घरी राहणाऱ्या मुला-मुलींनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. इन्सुलिन विमानात हातातील पिशवीत, बसमध्ये थंड राखणाऱ्या बटव्यात असावे. बर्फाला ते थेट टेकू देऊ नये. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम सकाळीही लावावे. ताप आल्यास मनाने आयबुप्रोफेन वा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगावे. कुत्रे वा माकड चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी 1669 आणि पर्यटक पोलिसांसाठी 1155 हे क्रमांक आहेत.

लाओसमधील वैद्यकीय सोयी मर्यादित आहेत. गंभीर रुग्णाला बहुधा नदीपलीकडे थायलंडमध्ये नेतात. म्हणून जुने आजार आणि रुग्णास हलवण्याचा खर्च ज्यात अंतर्भूत आहे असाच विमा घ्यावा, आणि परतीचे दरवाजे नकाशावर आधीच खुणावून ठेवावेत. पहिला चियांग खोंग, लाओसमध्ये शिरण्यापूर्वीचा. दुसरा व्हिएन्तियान, जेथून पूल ओलांडला की थायलंड. तिसरा पाक्से, जेथून थायलंडची सीमा जवळ आहे. चौथा सिएम रीपचा विमानतळ. प्रत्येक दरवाजापाशी एक पूर्ण दिवस थांबून वजन, पायांची सूज, झोप, भूक, साखर आणि रक्तदाब यांची नोंद पाहावी. पुढे जायचे की परतायचे, हे त्या दिवशी दोघांनी बसून ठरवावे. 'एवढे पैसे भरले आहेत' हे पुढे जाण्याचे कारण होऊ नये.

हा मार्ग सर्वांसाठी नाही. अलीकडे हृदयविकाराचा झटका वा शस्त्रक्रिया झालेली असेल, डायलिसिस वा प्राणवायूची गरज असेल, तर तो टाळावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वारंवार बदलणारी खोली रात्री भांबावून सोडते. अशा वेळी डॉक्टरांच्या संमतीने विमानाने चियांग मायला जाऊन एकाच खोलीत तीन-चार आठवडे राहणे बरे. रोजचा रस्ता तोच, फळवाली तीच, बाक तोच. रुग्णाला स्थैर्य मिळते, आणि वर्षभर स्वयंपाकघर, औषधे व जागरण सांभाळणाऱ्या सोबत्यालाही सकाळचा चहा कोणीतरी हातात आणून देते. तेवढ्यासाठीही हा प्रवास करण्याजोगा आहे.

प्रथमच निघत असाल तर सबंध मार्गाचा हट्ट धरू नये. यंदा बँकॉक ते लुआंग प्रबांग एवढेच करावे आणि तेथून विमानाने परतावे. अंगकोरच्या भिंती नऊशे वर्षे उभ्या आहेत. पुढच्या हिवाळ्यातही त्या तेथेच असतील.