सुटलेले आणि सोडलेले

पावसाळा सरला की पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात आणि वाहतं पाणी थोपून तळ्यासारखं संथ होतं. त्या पाण्यावर उमेदीच्या वयात मी कितीतरी हिवाळे गळ टाकून बसलो. मासे थोडे मिळाले, सबबी भरपूर मिळाल्या. कधी कारखान्याचं पाणी, कधी जाळीवाले, कधी अमावस्या.

मासे पहाटे लागतात, असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. कुठल्या ऋतूत, हे काही मी विचारलं नाही. डिसेंबरात कानटोपी घालून, अंधारात सायकल दामटत बंधारा गाठायचो आणि उन्हं वर येईपर्यंत कुडकुडायचो. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गारठलं की तोही गारठतो, त्याची भूक मंदावते. काठचं उथळ पाणी जरा तापायला दुपार व्हावी लागते, आणि नेमका तेव्हा मी घरी जेवून झोपलेला असायचो. काठावर जाळं सोडवत बसलेले एक आजोबा एकदा म्हणाले, "मासं अजून उठलं न्हाईत, तू कशाला उठलास?" मला राग आला. पुढचा हिवाळाही मी पहाटेच गेलो.

सामानाचंही तसंच. मोठा मासा लागला तर तुटायला नको म्हणून जाड तंगूस, मोठा गळ आणि त्याला शोभेल असं बूच. थंडीत गाळ खाली बसून पाणी नितळ होतं. त्यात माझा दोरा मला काठावरून दिसायचा, मग माशाला का दिसू नये? रोहू ओठांनी चाचपून खातो. गारठ्यात तर तो बूच बुडवतही नाही, नुसतं थरथरवतो. मी ते बुडायची वाट बघायचो, तोवर कणीक फस्त. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरतो, हे ठाऊक असूनही मी गळ कायम एकाच खोलीला सोडायचो. खोली बदलायची तर बूच सरकवायला हात पाण्यात घालावे लागायचे.

मरळीच्या बाबतीत नेमकी उलटी चूक केली. केंदाळाच्या कडेला ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा तिचा ठाव लागतो. एका दुपारी तिने माझ्या गळाचा मासा धरला. मरळ आधी भक्ष्य धरते, वळते आणि मग गिळते. रोहूने शिकवलेली घाई मी तिथे वापरली आणि झटका दिला. हातात नुसता गळ आला. घरी सांगताना ती मरळ दरवर्षी थोडी वाढत गेली.

यातल्या कशानेही दुसऱ्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते ज्या दिवशी मला भरपूर मासे मिळाले त्या दिवशी. बंधाऱ्यावर चिलापी लागल्या, बादलीत जिवंत राहिल्या. जाता जाता त्या मामांच्या शेततळ्यात सोडल्या. मामांनी तिथे रोहू-कटल्याची बोटुकली विकत आणून सोडली होती. आपण त्यात भर घातली, असं मला वाटलं. सांगायचीही गरज वाटली नाही.

चिलापी मूळची आफ्रिकेची, आपल्याकडे 1952 साली आणलेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं फारशी मरत नाहीत, आणि काही महिन्यांत तीच पिल्लं वीण घालू लागतात. आपल्याकडची थंडी तिला मारण्याइतकी कडक नसते. पुढच्या हिवाळ्यात मामांनी जाळं ओढलं तर बोटभर चिलापींनी ते भरलं होतं. रोहू होते, पण वाढ खुंटलेले. पेंड कुणी खाल्ली ते उघड होतं. मामा म्हणाले, "ह्या आल्या कुठनं?" मी म्हणालो, "पावसात आल्या असतील." मासे सोडल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त महाग पडलं. कारण मामांनी ते खरं मानलं आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा बोटुकली विकत आणली.

शेवटी मी सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. तळं उपसून, उन्हात वाळवून त्यांनी नव्याने सुरुवात केली. पण मधल्या पावसाळ्यात तळं भरून ओढ्याला लागलं होतं. पूर्वी त्या ओढ्याच्या डोहांत झिंगे आणि खेकडे हमखास मिळायचे. तळं उपसता आलं, ओढा उपसता येत नाही.

आता मी त्या ओढ्यावर हिवाळ्यात दुपारी जातो. बारीक तंगूस, लहान गळ, हलकं बूच. खोली बदलून बघतो, घाई करत नाही. गळ सहसा रिकामा येत नाही. सगळ्या चिलापी असतात.