मरळीची राखण

महाराष्ट्राचा राज्यमासा कोणता, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या वर्गात विचारलं की अर्धा वर्ग हात वर करतो. चंदेरी पापलेट! 2023 च्या सप्टेंबरात त्याला हा मान मिळाला आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून तो आमच्या कापसाच्या, सोयाबीनच्या तालुक्यात येऊन दाखल झाला. एका मार्काचं उत्तर म्हणून. त्याला पाण्यात पोहताना पाहिलेलं पोर इथं शोधूनही सापडायचं नाही. शिवाय आमचं पाणी मुंबईच्या समुद्राकडे फिरकतसुद्धा नाही. इथल्या नाल्यात पडलेला थेंब पुढे वर्धेला मिळतो, वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, आणि तो जाऊन पोचतो बंगालच्या उपसागरात. हा सगळा प्रवास नकाशावर बोट ठेवून करायला लावला की बडबडी पोरंही गप्प होतात. आपल्या गावाचं पाणी इतकं लांब जातं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरं तर पाण्याशी कळंबचं नातं जुनं. इथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घ्यायचं तर पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं. तिथलं कुंड इंद्रानं अंकुश मारून निर्माण केलं, दर बारा वर्षांनी गंगा वर येऊन देवाचे पाय धुते, ही कथा इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी ठाऊक असते. भूजलाचा धडा मी याच कथेपासून सुरू करतो. श्रद्धेला धक्का लागत नाही आणि पाणी खालून वर कसं येतं, हा प्रश्न आपोआप वर्गात येऊन बसतो.

माशांचा धडा मात्र पुस्तकातून सुरू केला की तो कल्ले, पर, खवले एवढ्यावरच आटोपतो. तो खरा शिकवावा मरळीनं. आमच्या वर्गात मागच्या बाकावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा एक मुलगा बसायचा. गणितात मान खाली, भाषेत मान खाली. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, असं फळ्यावर लिहिलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"सर, मरळ तं वर येऊन हवा घेते. तिले वर येऊ नाही देलं तं पान्यातच मरते."

वर्ग हसला. पण बरोबर तोच होता. मरळीला कल्ले असतात, पण तेवढ्यानं तिचं भागत नाही. डोक्यातल्या एका कप्प्यात ती वरची हवा भरून घेते. म्हणून डबक्यातलं पाणी आटून गढूळ झालं तरी ती तग धरते, आणि म्हणूनच बाजारातल्या घमेल्यात तासन् तास वळवळत राहते. पुढे त्यानं पिल्लांचं सांगितलं. मरळीची अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा थवा शेंदूर सांडावा तसा पाण्यावर केशरी दिसतो, आणि त्याच्या खाली मोठी मरळ फिरत असते. एका मुलीनं विचारलं, ती पिल्लं खात असेल ना? "खात नाही व, राखन करून राह्यली." त्या दिवशी त्याची मान खाली गेली नाही.

त्यानंतर मी आठवडी बाजारातून रोहू-कतल्याचे खवले मागून आणू लागलो. ते फुकट मिळतात. धुऊन, वाळवून भिंगाखाली धरले की कड्यांच्या आत कड्या दिसतात. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो आणि वाढीची नोंद त्यावरच उमटत जाते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला यापेक्षा स्वस्त साधन कुठलं?

तळ्यात सोडायच्या माशांच्या बीजालाही आपल्याकडे झकास नावं आहेत: आधी मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. हे बीज पूर्वी नदीतून गाळून आणावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहू-कतल्याच्या कुळातल्या मेजर कार्प माशांना संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, आणि तळ्याकाठी बीज तयार होऊ लागलं. तोच दिवस आता मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

गावातल्या भिंतीवरची 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही ओळ सगळ्यांनी वाचलेली. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. तो डासांच्या अळ्या खातो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो. हौदात, साचलेल्या खड्ड्यात त्याचं काम चोख. नदीत सोडला तर इथल्या लहान माशांच्या ताटात वाटेकरी. उपयोगी पाहुण्यालाही कुठवर येऊ द्यायचं, हे पोरांना चटकन कळतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

अवघड धडा वेगळाच. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. त्याची बातमी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण फवारणीचा पंप नाल्यात धुतला की काय होतं, याची बातमी होत नाही. कपाशीवर मारतात त्यांतली काही औषधं माशांना अगदी थोडक्या मात्रेतही मारक असतात. वर्गातल्या कितीतरी पोरांनी असा पंप धुतलेला असतो. सांगितलेलं काम त्यांनी केलेलं असतं. त्यांना दोष देऊन भागत नाही. पंप नाल्यापासून लांब, बांधावर धुवा, एवढं मी सांगतो, आणि ते घरी जाऊन बापाला सांगा म्हणतो.

शिक्षकमित्रांनो, पापलेटाचं चित्र भिंतीवर राहू द्या. पण पहिल्या पुरात अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि पुलाखाली काठ्या, मच्छरदाण्या घेऊन गर्दी जमते. त्याच्या आत, जूनमध्येच, एक तास मागच्या बाकाला द्या. तिथल्या पोराच्या बापालाही शाळेत बोलवा, आणि बसायला खुर्ची द्या.