लेफ्ट बॅक

भालकीला शाळेत मी खो-खो खेळले. फुटबॉल पायाला लागला तो बिदरला कॉलेजात आल्यावर. अकरा जणी, मैदानात गोलकीपरखेरीज कुणी चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच ठाऊक. मला डावीकडे मागे उभं केलं. मागे म्हणजे गोल राखायचा, असं मी धरून चालले.

सामन्यात आमच्या बाकीच्या बचावपटू पुढे सरकल्या. मधली ओरडली, "मुंदे बा!" घरी मराठी असली तरी एवढं कानडी कळतंच: पुढे ये. पण गोल उघडा टाकून कशी जाऊ? मी हलले नाही. त्यांची फॉरवर्ड एकटीच सुटली. ०–१.

नंतर तिनं मातीत चपला मांडून ऑफसाइड दाखवला. पास सुटताना आपल्या अर्ध्यात समोरची खेळाडू चेंडूच्याही पुढे असेल आणि तिच्या नि गोलरेषेच्या मध्ये आपल्या दोघीही नसतील, तर ती ऑफसाइड. (१९२५ पर्यंत तीन लागत.) गोलकीपर एक. दुसरी चप्पल मी! मागे थांबून मीच तिला वाट दिली होती.

पुढच्या सरावाला मी झपकन पुढे सरले, ऑफसाइडसाठी हातही वर केला. गोल झाला. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, हे शिकायचं राहिलं होतं.